तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्यातले पुढारी

"तुम्ही ख्रिस्ती लोक शाळा चालवता, दवाखाने चालवता, मग तुमच्यातून पुढारी का निघत नाहीत?" ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा नगरसेवक असतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आमच्यात पुढारी झाल्या, आणि याच पुण्यात. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८९० साली विधवांसाठी काढलेलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणलं, पुढे दुष्काळात उपाशी मुलीबाळींना आसरा देऊन केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. (दौंडच्या गाडीनं एकदा जाऊन याच.) हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला त्यांची थोरवी आणखी एका गोष्टीत दिसते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्या ख्रिस्ती, संस्थेला येणारी मदतही पुष्कळशी परदेशी ख्रिस्ती मंडळींची. गप्प बसणं सोयीचं होतं. त्या बसल्या नाहीत.

प्रभू येशूनं शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटलं ते डोंगरावरच्या प्रवचनात, उघड्यावर. आम्ही मात्र चर्चच्या आवारातली कामं जीव लावून करतो आणि फाटकाबाहेर पाय टाकायची वेळ आली की "आपण मूठभर, कशाला कुणाच्या नजरेत यायचं" म्हणून मागे सरतो. ही भीती खोटी नाही, माझ्या घरातही ती आहे. पण तिला नम्रता म्हणणं मला मान्य नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आहेत, सगळे त्यांना आत्या म्हणतात. आमच्या गल्लीत झाडणाऱ्या कंत्राटी बायकांचा पगार थकला होता. आत्यांनी त्यांना रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर बसवलं, एकेकीला पासबुक भरून आणायला लावलं आणि कुठल्या महिन्यांत पगाराची नोंदच नाही तिथं पेन्सिलीनं खूण केली. अर्ज त्यांनीच लिहिला. क्षेत्रीय कार्यालयात साहेब भेटेपर्यंत त्या बायकांबरोबर बाकावर बसून राहिल्या. त्यांतली एकही ख्रिस्ती नव्हती, आणि आत्यांनी कुणाला चर्चला या म्हटलं नाही. पगार झाला. कंत्राटदार आजही त्यांना बघून रस्ता बदलतो.

तेव्हा पुढारी आहेत, ताई. तुम्ही बॅनरवर शोधता म्हणून सापडत नाहीत, आणि आम्हीही त्यांना पुढे करत नाही, हा दोष आमचा. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या येत्या निवडणुकीत मी आत्यांचं नाव सुचवणार आहे. त्या नको म्हणतील, तरी सुचवणार.