शिट्टीशिवाय मटण

मी इंदूरला रामबागेत राहते, लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करून देते. पुरणापासून पांढऱ्या रश्श्यापर्यंत सगळं केलंय. पण "मावशी, उद्या इटालियन स्टेक करू या, वीस मिनिटांत होतो" असं एका घरच्या ताई पहिल्यांदाच म्हणाल्या. पाहुणे सहा.

पदार्थाचं नाव पित्झायोला, मूळ नेपल्सचा. पिझ्झावर पडतात तेच टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, आणि त्यात मांसाचे पातळ काप. म्हणून नाव पिझ्झावाल्याचं. तिकडे बीफ घेतात. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला बंदी, २००४ चा कायदाच आहे, आणि नसता तरी या घरात ते आलं नसतं. बोकडाचं ठरलं.

बोकड आणि वीस मिनिटं! माझ्या कुकरला पाच शिट्ट्या लागतात. तरी मांडीचं दीड किलो बिनहाडाचं मटण आणलं, तुकडे केले, धुतले आणि तसेच ओले घेतले. बिडाचा तवा तापला होता. त्यात एकदम डझनभर तुकडे टाकले. चर्र आवाज आला, दोन सेकंदांत बसला. मग नुसते बुडबुडे. राखाडी पाणी सुटलं, तुकडे आखडले. एक चावून पाहिला, दाढ ठणकली. साडेसात वाजलेले, पाहुणे आठला.

दारात ताईंच्या सासूबाई. माहेर ग्वाल्हेरचं, वय ऐंशीच्या पुढे. "भाजतेयस की उकडतेयस गं?" मग म्हणाल्या, "खाटकाकडे पसंदे का नाही मागितलेस?"

पसंदे म्हणजे मांडीच्या मटणाचे पातळ, ठोकून पसरट केलेले काप. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किलोभर मटण अजून शिल्लक होतं. आजींनी एक तुकडा उजेडात धरून धागा कुठे धावतो ते दाखवलं. मी त्याला आडवी सुरी चालवली, आजी खुर्चीत बसून खलबत्त्याच्या दांड्याने ठोकत गेल्या. "कच्ची पपई असती तर लावून ठेवलं असतं. आता वेळ नाही."

एकेक काप स्वच्छ फडक्याने टिपला. अकरावीतली नात म्हणाली, पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांवरच अडकतं, खरपूसपणाला १४० च्या आसपास लागतं. बरोबरच असणार. मला एवढंच कळलं की या खेपेला चर्र थांबला नाही. एका वेळी तीनच काप, एकेका बाजूने मिनिटभर. घरभर धूर, चिमणी हरली.

काप काढून त्याच तव्यात ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, किसलेले टोमॅटो. तळाला चिकटलेलं खरपूस उलथन्याने सोडवलं, खरी चव त्यातच असते. ओरेगॅनो विकत आणायला विसरले होते. पण पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांनी ताईंचा एक डबा भरलेला. अकरा पुड्या फाडल्या. काप परत घालून पाच-सहा मिनिटं, बस.

पाहुण्यांनी तवा पावाने पुसून खाल्ला. एकाने जीरावन, पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, मागितलं, इंदूरच ते.

आजींनी एक घास घेतला. "तिखट कुठाय?"

पहिल्या खेपेचे ते आखडलेले तुकडे मी कुकरला लावले होते, कांदा-खोबरं वाटून. सात शिट्ट्या झाल्या. आजी त्या रश्श्याशी भाकरी जेवल्या.