आमची वाटचाल : ‘डीबेसमध्येच करून द्या’

सांगलीच्या गणपती पेठेत १९८७ साली आम्ही संगणकावर हिशेबाची कामे करून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा एक पीसी एक्स-टी, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा एवढेच आमचे भांडवल होते. बेसिक निवडण्यामागे फार मोठा विचार नव्हता. ती डॉसच्या फ्लॉपीबरोबर येत असे, म्हणून ती घेतली. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली ही भाषा १९७५ च्या अल्टेअरपासून छोट्या संगणकांच्या बरोबरीने पसरत गेली होती आणि आयबीएमने तर १९८१ च्या पीसीत ती रॉममध्येच, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या स्मृतीतच, बसवली होती. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पीसीच्या नकलांत ती रॉम नसे, त्यामुळे तेच काम डिस्कवरची जीडब्ल्यू-बेसिक करीत असे.

आमचे पहिले गिऱ्हाईक मार्केट यार्डातले हळदीचे अडत दुकान होते. पोती, वजन आणि भाव घालून, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापायची, हे काम बेसिकमध्ये सहज बसले. अडचण खतावणीला आली. बेसिकमधला साधा आकडा सात अंकांपर्यंतच भरवशाचा असल्याने लाखाच्या वरची रक्कम पैशांसह ठेवायची तर प्रत्येक ठिकाणी दुहेरी अचूकतेचे चिन्ह लावावे लागे. फाइलीत हे आकडे यंत्राच्या सांकेतिक रूपात साठत, त्यामुळे आमच्या प्रोग्रामखेरीज ती फाइल कोणालाही वाचता येत नसे. खाते नावाने शोधायचे तर त्याची सगळी जुळणीही आम्हालाच लिहावी लागे.

त्याच सुमारास गिऱ्हाइके भाषेचे नाव घेऊन काम मागू लागली, ही गोष्ट आज आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना खरी वाटत नाही. व्यापाऱ्याचा मुलगा किंवा पुतण्या गावातल्या संगणक वर्गात डीबेस थ्री प्लस ही नोंदी साठवण्याची व शोधण्याची प्रणाली शिकून येई आणि घरी सांगे, की काम द्यायचे तर डीबेसमध्येच द्या. पुष्कळ व्यावसायिकांना हे फॅड वाटले. आमच्या मते त्यात व्यवहाराची चांगली जाण होती. डीबेसच्या फाइलीत रकमासुद्धा साध्या अक्षरांत असत आणि प्रत्येक रकान्याचे नाव व लांबी फाइलीच्या सुरुवातीलाच नोंदलेली असे. उद्या आमचे दुकान बंद पडले तरी खतावणी त्यांची त्यांना उघडता येणार होती. एका पेढीचे दिवाणजी, ज्यांनी संगणकाला वर्षभर हात लावला नव्हता, ते डॉट प्रॉम्प्टवर, म्हणजे डीबेसला आज्ञा टाइप करून देण्याच्या जागी, स्वतः ‘लिस्ट फॉर’ लिहून दहा हजारांवर येणे असलेल्या खरेदीदारांची यादी काढू लागले आणि त्या दिवसापासून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळवायला त्यांनी आम्हाला फारसे बोलावले नाही. वेन रॅटलिफ यांनी ज्या ‘व्हल्कन’ नावाच्या प्रोग्रामपासून ही भाषा उभी केली, त्याची सुरुवात फुटबॉलच्या पैजांचे अंदाज बांधण्यासाठी झाली होती, हे मात्र आम्ही त्यांना कधी सांगितले नाही.

आमची गरज मात्र वेगळी होती. डीबेसचा प्रोग्राम ओळीओळीने वाचून चालत असल्यामुळे मोठ्या खतावणीवर रेंगाळत असे, शिवाय प्रत्येक यंत्रावर डीबेसची प्रत असावी लागे. नॅन्टकेट कंपनीच्या क्लिपर या संकलकाने, विशेषतः त्याच्या ‘समर ८७’ आवृत्तीने, ही अडचण दूर केली. तोच प्रोग्राम संकलित होऊन, म्हणजे आधीच यंत्राच्या भाषेत उतरून, स्वतःच चालणारी ईएक्सई फाइल तयार होई, काम कितीतरी वेगाने होई आणि आमच्या प्रोग्रामचा मजकूरही झाकलेला राहत असे. फाइल डीबेसचीच राहिल्याने गिऱ्हाइकाचाही विरोध नव्हता. प्रश्न एवढाच होता, की दिवाणजींनी डीबेसमधून नोंद घातली तर क्लिपरच्या इंडेक्सला (खाती शोधण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या सूचीला) त्याचा पत्ता नसे आणि फाइलीत असलेले खाते शोधताना सापडत नसे. म्हणून आमच्या प्रत्येक प्रोग्रामच्या मेनूत ‘रीइंडेक्स’ हा पर्याय पहिल्या क्रमांकावर आला.

पुढे पतसंस्थांची कामे मिळू लागली आणि पासबुक मराठीत हवे अशी मागणी आली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले, की क्लिपरला काहीही न कळवता पडद्यावर देवनागरी उमटत असे. फक्त ‘श्रीकृष्ण’ हे नाव इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीमध्ये नऊ अक्षरांची जागा घेत असल्यामुळे सभासदांच्या नावाचे रकाने आम्हाला सगळीकडे वाढवावे लागले आणि छापील रोजकीर्दीचे उभे रकाने ओळीत आणण्यात बराच काळ गेला.

१९९१-९२ या काळात बोरलँडने डीबेसची मालक असलेली ॲश्टन-टेट घेतली, कॉम्प्युटर असोसिएट्सने नॅन्टकेट घेतली आणि मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतली. मागणी हळूहळू फॉक्सच्या फॉक्सप्रो या डीबेससारख्याच भाषेकडे वळली, तसे आम्हीही निम्मी कामे तिकडे नेली. पतसंस्था मात्र क्लिपर ५ वरच ठेवल्या. त्याचा उपयोग लवकरच झाला. १९९६ मध्ये ठेवलेल्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीची मुदत २००१ मध्ये संपत होती आणि वर्षाचे शेवटचे दोनच अंक टाइप केले, की यंत्र ते १९०१ धरत असे. तारखेचा रकाना फाइलीत पूर्ण चार अंकी वर्ष ठेवत असल्यामुळे जुन्या नोंदी सुरक्षित होत्या. दोन अंकी वर्ष कोणत्या शतकातले धरायचे ते सांगणारी ‘सेट इपॉक’ ही एक ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला घातल्यावर नवीन नोंदीही बरोबर बसू लागल्या. शहरातल्या बड्या कंपन्या या कामासाठी स्वतंत्र विभाग उघडत असताना आमच्या पतसंस्थांचे हे काम गणपती पेठेतल्या त्याच खोलीतून झाले.

फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले, तेव्हा नवीन कामांसाठी आम्हाला भाषा बदलावी लागली. जुन्या क्लिपर प्रोग्रामांपैकी काही हार्बर या मुक्त संकलकावर आणून आम्ही आजही चालवतो आणि नव्या प्रणालीतही गिऱ्हाइकाने मागितल्यास त्याचा सगळा हिशेब डीबेसच्याच डीबीएफ फाइलीत काढून देतो. अडत दुकाने ती फाइल अजून मागतात.