आमची वाटचाल : ज्वारी, वाफ आणि ट्रायकोडर्मा

परभणी भागात तुरीला आणि हरभऱ्याला मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीजन्य रोग, लागतो, आणि बीजप्रक्रियेसाठी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मागणारे शेतकरी वाढत आहेत, हे पाहून आम्ही या उद्योगात उतरलो. एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे भांडे, एक लहान खोली आणि बुरशी वाढवण्यासाठी कच्चा माल म्हणून घरची ज्वारी, एवढ्यावर सुरुवात झाली.

भिजवून पिशव्यांत भरलेली ज्वारी आम्ही १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सियसला निर्जंतुक करतो. जंतू दाबामुळे मरतात, असा आमच्याकडे येणाऱ्या अनेकांचा समज असतो. वास्तविक आतला एकूण दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पटच असतो आणि त्याचे काम पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे एवढेच असते. निव्वळ दाबाने बुरशी मारायची, तर काही खाद्यप्रक्रिया उद्योगांत वापरतात तसा हवेच्या काही हजारपट दाब लागतो. आमच्याकडे बीजाणूंमधील, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म पेशींमधील, विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, घडी मोडते ती ओल्या वाफेने. म्हणूनच आम्ही आधी भांड्यातील हवा पूर्ण बाहेर काढतो, कारण हवा अडकली तर काटा १५ वर असूनही तापमान कमी राहते. अर्धवट तापवणे तर अधिक घातक आहे. न्यूरोस्पोरा या बुरशीचे सुप्त लैंगिक बीजाणू सुमारे ६० अंशांच्या उष्णतेने मरत नाहीत, उलट जागे होऊन रुजतात.

थंड झालेल्या ज्वारीवर ट्रायकोडर्मा सोडल्यानंतर मात्र उष्णता शत्रू ठरते. खोली २५ ते ३० अंशांत ठेवावी लागते, आणि मराठवाड्यातील मे महिन्यात, वीज जात असताना, खरा खर्च तेथेच होतो. हिरवा बीजाणू तयार झाला की तो सावलीत हलकेच वाळवतो. कोरड्या बीजाणूतील ट्रेहॅलोज ही साखर प्रथिनांना आधार देते, त्यामुळे तो ओल्या बीजाणूपेक्षा अधिक उष्णता सोसतो. ओल मिळून रुजू लागला, की ट्रेहॅलेज हे विकर तीच साखर फोडते आणि सोशिकपणा घटतो. मर रोगाला कारणीभूत फ्युजेरियम बुरशीची पेशीभित्तिका विरघळवणारे कायटिनेज हे विकर मातीत तयार व्हायचे असेल, तर पुडीतला बीजाणू पेरणीपर्यंत जिवंतच हवा. नियमानुसार ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत एकके, म्हणजे वाढून वसाहत करू शकणारे बीजाणू, लागतात. ती कारखान्यात मोजून भागत नाही, दुकानातही टिकावी लागतात. त्यामुळे पत्र्याच्या गोदामात पुड्या ठेवणाऱ्या विक्रेत्याला, कितीही मोठी मागणी असली तरी, आम्ही उन्हाळ्यात माल देत नाही.