शुगर लँडमधले ९५ जण

ताईकडे ह्यूस्टनला तीन आठवडे राहून आलो. नासा झालं, मंदिर झालं, सॅन अँटोनियो झालं, मॉल किती झाले ते मोजलेच नाहीत. त्यातल्या कशाहीबद्दल लिहायचं नाहीये. ताईच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर एका कुंपणापाशी मी अर्धा तास उभा होतो, परत येऊन महिना झाला तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

ताई राहते त्या गावाचं नावच शुगर लँड. आम्ही वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस, त्यामुळे ताई-दाजींनी तिथे घर घेतलं तेव्हा आईला त्या नावाचं केवढं कौतुक, पोरगी साखरेच्या गावातनं साखरेच्याच गावात गेली म्हणायची. आता तिथे ऊस औषधालाही दिसत नाही. तळी, कापलेली हिरवळ, एकसारखी विटांची घरं, आणि आपली माणसं इतकी की दुकानात मेतकूटसुद्धा मिळतं. साखर कारखान्याची एक उंच जुनी इमारत तेवढी उभी आहे, रिफायनरी २००३ मध्येच बंद पडली.

१९ जूनला दाजींना सुट्टी होती म्हणून गॅल्व्हेस्टनला गेलो. जूनटीन्थ. २०२१ पासून ही अख्ख्या देशाची सुट्टी आहे, टेक्सासात तर १९८० पासूनच. गुलामांना मुक्त करणारा राष्ट्राध्यक्ष लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्सासातल्या जवळजवळ अडीच लाख गुलामांना सुटका मिळाली ती १९ जून १८६५ ला, जनरल गॉर्डन ग्रेंजर फौज घेऊन या बंदरात आला तेव्हा. बातमी पोचायला अडीच वर्षं लागली असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही, मालक लोकांना सगळं ठाऊक होतं, हुकूम पाळायला लावणारं कोणी नव्हतं एवढंच. स्ट्रँड आणि बावीसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतभर मोठं चित्र आहे, ग्रेंजरनं त्या दिवशी काढलेल्या हुकुमातल्या ‘संपूर्ण समानता’ या शब्दांवरनंच त्याचं नाव ठेवलंय. ऊन असं की डोकं भणभणत होतं, गर्दी भरपूर, बार्बेक्यूचा धूर. एका कृष्णवर्णीय आजींनी आम्हाला सावलीत खुर्ची दिली, बर्फातनं काढून लाल सोड्याच्या बाटल्या हातात दिल्या, आज लालच प्यायचं असतं म्हणाल्या. ओळख ना पाळख, पण आमचा भाचा त्यांच्या नातवंडांबरोबर खेळायला लागला आणि निघताना आजींनी डब्यात कलिंगडही भरून दिलं. तीन आठवड्यांत एवढ्या आपुलकीनं आमच्याशी दुसरं कोणी वागलं नाही.

तिथेच तो हुकूम मी पहिल्यांदा पुरता वाचला. सगळे गुलाम मुक्त आहेत, इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्याच हुकुमात पुढे लिहिलंय की आता आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नका, आळस पोसला जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेल्या माणसाला सुटकेच्या पहिल्याच दिवशी सांगायचं की आळशीपणा करू नकोस. मला खरंच फार राग आला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तेच बोलत होतो तर भाचा मागनं म्हणाला, मामा, आमच्या शाळेत पण ते आहेत. म्हटलं कोण? म्हणाला, ते ९५ जण.

भाचा काही विषयांसाठी बसनं एका टेक्निकल सेंटरला जातो. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या इमारतीचा पाया खणताना जेसीबीवाल्याला हाड दिसलं. मग उत्खनन झालं आणि एकेक करत ९५ सांगाडे निघाले. सगळ्यात लहान साधारण १४ वर्षांचा, सगळ्यात मोठा ७० च्या आसपास. अंगानं भक्कम, पण पोटभर न जेवलेले, आणि तीच ती अवजड कामं करून हाडं वाकडी झालेली. जवळ साखळ्यांचे तुकडेही सापडले. हे १८७८ ते १९११ च्या दरम्यानचे कैदी, उसाच्या फडात राबवलेले. गुलामगिरी संपली १८६५ ला, हे मेले त्यानंतर!

कसं ते मी त्या रात्री वाचत बसलो, झोप आली नाही. डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेली तेरावी घटनादुरुस्ती म्हणते की गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल. एवढीच फट पुरली. नवे कायदे आले, काम नसताना फिरताना दिसला तर गुन्हा, किरकोळ चोरी केली तर वर्षानुवर्षं तुरुंग, आणि मग सरकारनं ते कैदी बागाईतदारांना भाड्यानं द्यायचे. १८७८ मध्ये कनिंगहॅम आणि एलिस या शुगर लँडच्या दोन ऊसवाल्यांनी टेक्सासचा अख्खा तुरुंगच पाच वर्षांसाठी भाड्यानं घेतला, माणशी महिना जेमतेम ३ डॉलर. गुलाम विकत घेतलेला असायचा, मेला तर मालकाचे पैसे बुडायचे, कैदी मेला तर सरकार दुसरा द्यायचं. त्या भागाला लोक ब्राझोस नदीकाठचा नरक म्हणायचे. त्या ९५ मधल्या कित्येकांचा तर जन्मही गुलाम म्हणूनच झालेला असणार.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. शाळेत हे वाचताना मला अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पण त्यानंतर पाचच वर्षांनी इथे हा करार झाला हे कळल्यावर पोटात तुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याला घेऊन गेलो. शाळेला सुट्टी, पार्किंग रिकामं, बाजूला कुंपण आणि आत गवत. २०१९ च्या शेवटी त्या सगळ्यांना तिथेच परत पुरलं, प्रत्येकाला वेगळी लाकडी पेटी. तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलेले रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं सांगत होते की इथे खाली माणसं आहेत, खणण्याआधी बघा, कोणी मनावर घेतलं नाही. २०२० मध्ये तेही गेले. आणि आजही टेक्सासच्या तुरुंगात बहुतेक कैद्यांना कामाचा पैसा मिळत नाही, तेवढी ती फट उघडीच आहे.

कुंपणाला हात लावून उभा होतो आणि मला आमचा फड आठवत होता. लहानपणी दिवाळी झाली की बीडकडनं टोळी यायची, मुकादमाकडनं उचल घेतलेली माणसं, नवरा-बायको मिळून एक कोयता. यंदा किती कोयते आले, असंच वडील विचारायचे, मीही तसंच म्हणायचो. त्या लोकांना साखळ्या नव्हत्या, दोन्ही गोष्टी एक आहेत असं मी म्हणणार नाही. पण उसाचं पातं हाताला काय करतं ते मला माहिती आहे, आणि पाचटात माझ्या वयाचा एक मुलगा मोळ्या बांधायचा, त्याचं नाव मी कधीच विचारलं नाही, हे मला त्या कुंपणापाशी पहिल्यांदा टोचलं.

ताईला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, मुलाला सोडायला कितीदा गेले रे त्या रस्त्यानं, आत काय आहे ते कधी बघितलंच नाही. मग बराच वेळ कणीक मळत राहिली.

रात्री आईचा फोन. आज काय पाहिलंस म्हणाली. म्हटलं स्मशान पाहिलं, ऊसतोड करणाऱ्यांचं. किती जण म्हणाली. पंच्याण्णव. थोडा वेळ गप्प राहिली, मग हिशोब करून म्हणाली, म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच टोळ्या झाल्या की रे.