आमची वाटचाल : दाराच्या खालच्या काठाचा हिशेब

वडिलांनी मुंबईत रे रोडच्या लाकूड बाजाराला लागून असलेल्या गाळ्यात सुतारकाम सुरू केले तेव्हा दोन कारागीर, एक रंधायंत्र आणि वखारवाल्यांनी दिलेली उधारी एवढेच भांडवल होते. गॅरंटी कागदावर येत नसे; कोणाचे दार अडले की निरोप यायचा आणि वडील हातरंधा पिशवीत घालून स्वतः जायचे. पुढे मी धंद्यात आलो, आम्ही इमारतींची कामे घेऊ लागलो, आणि एका वेळी शंभरावर दारे बसू लागल्यावर निरोपावर चालणारी ही पद्धत पुरेनाशी झाली.

ती कशी मोडली हे माझ्या तिसऱ्याच पावसाळ्यात कळले. पूर्व उपनगरातल्या एका इमारतीत आम्ही 112 दारे बसवली होती आणि जुलैत त्यांतली 37 चौकटीत अडकू लागली. बिल्डरने रिटेन्शनचे, म्हणजे दोष निघाल्यास हाताशी असावेत म्हणून बिलातून मागे ठेवलेले, पाच टक्के रोखून धरले. कारखान्याच्या मालावर खापर फोडण्याचा मोह मलाही झाला होता, पण फ्लश डोअरवर (दोन्ही बाजूंनी सपाट लाकडी दारावर) आयएस 2202 या भारतीय मानकाचा शिक्का होता आणि आम्ही एक दार फोडून पाहिले तेव्हा आतला डिंक कुठेही सुटलेला नव्हता. मग अडणारे एक दार उतरवून आडवे टाकले. फरशी ठरल्यापेक्षा जाड बसल्यामुळे आमच्याच माणसांनी साइटवर दारांचा तळ 8 मिलिमीटर कापला होता आणि कापलेल्या काठाला रंगाचा एक हातही दिला नव्हता. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगते; दाराच्या उभ्या पट्ट्यांचे रेषे तळाशी उघडे राहिले की फरशी पुसताना लागणारे पाणी ते थेट वर ओढतात. त्यात भर म्हणजे गिलावा पुरता सुकण्याआधी आणि खिडक्यांना काचा लागण्याआधी आम्ही दारे टांगली होती. त्या 37 दारांचा खर्च आमच्या अंगावर आला, आणि तो येणे योग्यच होते.

तेव्हापासून तपासणी ही काम संपल्यावरची औपचारिकता राहिली नाही. वखारीतून आलेल्या चौकटीच्या लाकडात दोन टोकांचा आर्द्रतामापक टोचून पाहतो आणि आकडा 14 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत जातो. साग असो वा दुसरे लाकूड, मापकावर जात बदलून घ्यावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. सागाच्या कडेला पांढरट लाकूड दिसले तर तेवढी पट्टी कापून टाकतो, कारण भुंगा आणि वाळवी तिथूनच शिरतात. ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710 चे प्लायवूड लागते, ज्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखलेला असतो. बैठकीच्या खोलीत सर्वसाधारण वापराचे आयएस 303 पुरते, आणि जिथे ते पुरते तिथे ग्राहकाला महाग माल घ्यायला लावणे मला पटत नाही. चौकट भिंतीत बसल्यावर ओळंबा लावून दोन्ही कर्ण मोजतो. त्यांत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गवंडी कितीही घाईत असला तरी चौकट उखडून पुन्हा बसते.

दार टांगल्यावर त्याच्या वरच्या काठावर, जिथे कोणाची नजर जात नाही, आमचा माणूस पेन्सिलने तारीख, आर्द्रतेचा आकडा आणि स्वतःची आद्याक्षरे लिहितो. खालच्या काठाला रंग लागला आहे का हे पाहण्यासाठी फरशीवर एक हातआरसा सरकवतो. दहा रुपयांच्या या आरशाने मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त वाचवले आहे.

2017 मध्ये महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे नियामक प्राधिकरण, आल्यावर गॅरंटीचा प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहिला. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कारागिरीचा दोष निघाला तर तो दूर करण्याची जबाबदारी कायद्याने विकासकावर येते, आणि विकासक ती करारातून आमच्यासारख्यांकडे सरकवतात. यावर अनेकांनी दहा वर्षांची गॅरंटी छापायला सुरुवात केली. त्या कागदांवर नेमक्या कोणत्या दोषाची हमी आहे हे मात्र सहसा लिहिलेले नसते. आम्ही 5 वर्षेच लिहून देतो, पण सांधा सुटणे, दार वाकणे, कीड लागणे आणि पापुद्रा सुटणे हे शब्द त्यात स्पष्ट असतात, आणि खोलीतले ओले काम (गिलावा, फरशी) संपल्याची साइट इंजिनिअरची सही मिळाल्याशिवाय दार टांगत नाही, ही अटही असते. या अटीपायी दोन कामे हातची गेली.

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांपूर्वीच्या एका कामातून तक्रार आली. मुलाने स्टुलावर चढून धूळ पुसली. वरच्या काठावर तारीख होती, 12.5 हा आकडा होता आणि आद्याक्षरेही होती. मी खाली आरसा सरकवला. तळाचा काठ कोरा होता. ती आद्याक्षरे लिहिणारा माणूस आजही आमच्याकडेच आहे. त्याला बोलावून आरशात दाखवले आणि दुसऱ्या आठवड्यात दार आमच्या खर्चाने बदलले.