"बुढीले सांगू नका"

१८ मे २०२१, मंगळवार
घाटंजी तालुका, यवतमाळ

आज एका घरी सुनेनं मला अंगणातच गाठलं. "ताई, बुढीले सांगू नका." आजींचा नागपूरचा भाऊ कोरोनानं गेला. आजींना बीपी आहे, साखर आहे, धक्का सोसणार नाही म्हणून घरानं बातमी दाबून ठेवलेली.

आजी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. ऑक्सिमीटर लावला, ९६ आलं. मी पुढचं विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "माहा भाऊ गेला ना वो? दर मंगळवारी फोन करे तो. मागच्या मंगळवारी नाही आला, आजबी नाही. घरात सारे हळू बोलून राहिले."

मुलाला वावरातून बोलावून घेतलं. त्यानंच सांगावं असा मी आग्रह धरला आणि त्यानं सांगितलं. आजी खूप रडल्या. मग पदरानं डोळे पुसून न्हाणीत पाणी काढायला सांगितलं. सुतकाची आंघोळ राहिली होती! सगळं कळलेलं असूनही त्यांना कळलं नाही असं घरानं ठरवलं होतं, म्हणून त्यांना रडताही येत नव्हतं. भाऊ गेल्यावर बहिणीनं जे करायचं, तेवढंही काळजीपोटी अडवलं गेलं. मला हे फार लागलं.

साठीच्या पुढच्यांना धोका जास्त, त्यांना घरात ठेवा, हे गेल्या वर्षापासून आम्हीच गावोगाव सांगतोय आणि ते खरंच आहे. पण घरात बसलेल्या माणसाला काही सांगायचंच नाही, असं कोणी म्हटलं होतं? लसीचंही तेच. १ मार्चपासून साठीवरच्यांना लस सुरू झाली. टोचल्यावर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो हे ज्यांना आधी सांगितलं, ते निवांत झोपून राहिले. ज्यांना नुसतं "काही होत नाही" म्हटलं, त्यांच्या तापानं अख्खी गल्ली घाबरली. आता गेल्या गुरुवारी कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर वाढून १२ ते १६ आठवडे झालं, तर म्हातारे म्हणतात, "लस संपली, म्हणून टाळून राहिले." साठा कमी आहे हे खरं, अंतर वाढवलं हेही खरं. दोन्ही सांगावं. ज्यांनी दुष्काळ पाहिले, नापिकी पाहिली, घरातली माणसं गेलेली पाहिली, त्यांना एवढं पेलतं.

आजींचा पहिला डोस २० मार्चचा. ८४ दिवस मोजून १२ जून ही तारीख त्यांच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून आले. आता उरलेल्या घरांच्या तारखा आशाताईंबरोबर बसून काढायच्या आहेत.

निघताना आजींनी श्रावणबाळ योजनेच्या हजार रुपयांचं विचारलं. पासबुक सोबत आणलंय. उद्या बँकेतून नोंद करून आणते. जमा झाले असोत की नसोत, मुलाला नाही, आधी त्यांनाच सांगणार.