तिची मांड आणि माझ्या हातातली दोरी

पहिल्यांदा घोड्यावर बसलेला माणूस खाली बघतो. लहान असो, मोठा असो, बसल्या बसल्या नजर जाते ती घोड्याच्या मानेवर नाहीतर थेट वाळूवर, आपण किती उंचावर आलो ते बघायला. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं, ते पुढे झुकलं की खांदे झुकतात, खांदे झुकले की टाचा वर येतात, टाचा वर आल्या की रिकिबीतला, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतला, पाय सरकतो आणि मग माणूस घाबरून गुडघ्यांनी खोगीर आवळायला लागतो. गुडघे आवळले की बूड वर उचललं जातं आणि मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, गेली. हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत होतं आणि पुढचा सगळा वेळ आमचा 'वर बघा, घोड्याच्या दोन कानांमधून समोर बघा' हे सांगण्यात जातो.

या हंगामात एक ताई आल्या होत्या, त्यांना हे एकदाही सांगावं लागलं नाही. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या राईडला बरेच दिवस झाले, पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

समुद्रावर नवशिक्यांना घोड्यावरून फिरवणं हे माझं काम. लोकांना वाटतं घोडे तयार असतात, गिऱ्हाईक आलं की बसवायचं आणि निघायचं. खरं तर आमचा दिवस ठरवते ओहोटी. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं तसंच झपाट्यानं परतही येतं, तेव्हा तर घड्याळाकडे जास्तच लक्ष ठेवावं लागतं. आम्हाला हवी असते ती ओली, घट्ट बसलेली वाळू. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याचे पाय रुततात, पायाच्या शिरांवर ताण येतो, तिथून फक्त पार व्हायचं, रेंगाळायचं नाही. घोडे बाहेर काढायच्या आधी कुणीतरी एकजण पूर्ण वाट पायी चालून येतो. जाळ्याचे तुकडे, बाटल्यांच्या काचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरांनी खणलेले खड्डे. किल्ला बांधतात, खंदक खणतात आणि तसंच टाकून जातात. आईबाप शेजारीच बसलेले असतात, एकालाही वाटत नाही की जाताना बुजवून जावं. त्यात घोड्याचा पाय गेला तर पाय मोडू शकतो, आणि घोड्याचा पाय मोडला की बहुतेक वेळा घोडाच गेला.

तर त्या ताई, वय पंचेचाळीसच्या पुढेमागे, धाकट्या बहिणीबरोबर सुट्टीला आलेल्या. फॉर्म भरताना आमच्या सहकाऱ्यानं बहिणीला विचारलं, "यांनाही बसवायचंय का?" ताई समोर उभ्या आहेत, कान शाबूत आहेत, मराठी बोलतात, आणि हा विचारतोय बहिणीला. वर त्यांच्याशी बोलायची वेळ आली तेव्हा आवाज चढवून बोलायला लागला. मला फार राग आला. माणूस वाईट नाहीये तो, घोड्यांशी त्याच्याइतकं मऊ बोलणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही, पण माणसांच्या बाबतीत त्याला सुचत नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, "माझं वजन अठ्ठावन्न किलो, पाठीचं दुखणं नाही, चक्कर येत नाही, आणखी काय लिहायचंय?" वजन त्यांनी आपणहून आणि खरं सांगितलं याचंच मला कौतुक. वजनाबद्दल लोक सर्रास खोटं बोलतात. खोगीर धरून सगळा भार घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही असा बऱ्याच ठिकाणी दंडक आहे, म्हणजे चारशे किलोच्या घोड्यावर फार तर ऐंशी, आणि त्यात खोगीरही आलं. तुम्ही दहा किलो लपवता ते त्याच्या पाठीवर जातात.

मी त्यांना गौरा दिली. गौरा आमची सगळ्यात समजूतदार घोडी. आधी ओळख करून दिली. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं जायचं आणि बोलत जायचं. ताईंनी खांद्यावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग हात पुढे मानेवरून आयाळीपर्यंत, मग मागे खोगिरावर, खोगिराच्या पुढचा उंचवटा, मागचा उंचवटा, खाली तंगापर्यंत, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत. "हा पट्टा आधी ढिला होता का? आत्ता घोडीनं श्वास सोडला आणि बोट आत जायला लागलं." घोडे तंग आवळताना अंग फुगवतात, म्हणून बसण्याआधी दुसऱ्यांदा आवळावा लागतो, हे आम्हाला नवीन पोरांना पुन्हा पुन्हा बजावावं लागतं. यांना ते बोटाला कळलं.

चौथऱ्यावरून बसवलं. रिकीब हातानं चाचपून पाय घातला, बूड अलगद टेकवलं, धपकन आपटलं नाही. आणि सरळ बसल्या. खाली बघायचं नाही, उंचीची धास्ती नाही, पाय आपोआप लांब सुटलेले, टाचा खाली. तिकडे बहीण दुसऱ्या घोड्यावर, बादलवर, पाठीचं कुबड करून 'बापरे किती उंच आहे' म्हणत दोन्ही हातांनी खोगीर धरून बसलेली.

निघालो. समुद्र उजवीकडे. मी गौराच्या डोक्याजवळ डाव्या बाजूनं, दोरी हातात. 'इकडे', 'तिकडे', 'ते बघा' हे माझे नेहमीचे शब्द त्या दिवशी बाद झाले. पाच पावलांवर उतार आहे, आता घोडी पाण्यातून जाईल, थंड शिंतोडे उडतील, असं आधी सांगत गेले. सांगताना माझ्याच लक्षात आलं की इतर गिऱ्हाइकांना यातलं काहीच आम्ही सांगत नाही, दिसतंयच की म्हणून सोडून देतो, आणि ते कुठं बघतात वाटेकडे, ते फोन काढायच्या नादात असतात.

मी सहज म्हणलं, घोड्याचे चारही पाय वेगवेगळे पडतात कदमचालीत, म्हणजे साध्या चालण्यात, चार ठोके, मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. शिकवणीला येणाऱ्यांना आम्ही काही आठवड्यांनी विचारतो की आत्ता मागचा कुठला पाय पुढे येतोय ते खाली न बघता सांगा. मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा ढुंगणाचा भाग, किंचित खाली जातो आणि त्याबरोबर आपलं त्या बाजूचं बूडही. कळायला सोपं, जाणवायला महिने लागतात. ताई थोडा वेळ गप्प होत्या आणि मग म्हणायला लागल्या, "डावा... उजवा... डावा..." मी गौराच्या मागच्या पायांकडे बघत चालले होते. बरोबर होतं. दर पावलाला बरोबर. अंगावर काटा आला माझ्या.

आता नियमाचं. आमच्याकडे जाताना सगळे दोरीवर. जिथून परत फिरतो तिथे प्रत्येकाकडून घोडा थांबवून घ्यायचा, दोन्हीकडे वळवून घ्यायचा, जमलं तर येताना दोरी सोडायची, आम्ही शेजारून चालायचं. आणि एक ओळ अशी आहे की नजर अधू असेल तर दोरी शेवटपर्यंत. बहिणीनं लगाम दोन्ही हातांनी ओढून बादलला थांबवलं, त्यानं बिचाऱ्यानं मान वर करून सहन केलं. पास. ताईंना मी सांगितलं, श्वास सोडा, बूड जड करा, बोटं मिटा. गौरा दुसऱ्या पावलाला थांबली. दोरी माझ्या हातात पूर्ण सैल होती, मी काहीच केलं नव्हतं. वळवणंही तसंच. तरी येताना बादलची दोरी सुटली आणि गौराची राहिली.

परतीला समुद्र डावीकडे आला. मी आता घोडी आणि पाणी यांच्या मधे. वर कोरड्या वाळूत कुणीतरी मोठी रंगीत छत्री नीट न रोवता ठेवली होती, वारा आला आणि ती उपटून गडगडत खाली यायला लागली. मला ती दिसली नाही, गौराचं डोकं आणि मान मधे होती. मला कळलं ते ताईंच्या आवाजानं, "अगं, हिची पाठ ताठ झालीय, उजवीकडे काहीतरी आहे." मी मान वळवेपर्यंत गौरा बुजली आणि सरळ माझ्या अंगावर, दोन पावलं आडवी, डावीकडे. अशा वेळी दोरी खेचायची नसते. खेचली की घोडा आणखी घाबरतो, दोरीशीच झगडायला लागतो. मी मागे सरकले, दोरी सोडत गेले, 'हो हो हो' करत राहिले. ताई मधोमध. वरचं अंग घोडीबरोबर गेलं आणि घोडीबरोबरच थांबलं. एक हात आयाळीत, तो मी सुरुवातीला सांगितला होता तसाच.

मागे बादल तेच बघून उसळला, बहिणीनं किंचाळत गुडघे आवळले आणि लगाम वर ओढले, तो दुडक्या चालीनं आमच्याकडे आला. सहकारी पळाला, पण खरं बादलला थांबवलं ते गौराच्या शेपटीनं, घोड्याला घाबरल्यावर दुसऱ्या घोड्याजवळ जायचं असतं. बहीण एका बाजूला घसरून खोगिराला लोंबत होती. तिला सावरून उतरवली. कुणाला लागलं नाही. छत्रीवाले लांबून हात हलवून 'सॉरी' म्हणाले, उठून आले नाहीत.

बहीण पुढचं अंतर पायी आली. ताई बसूनच. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "माझी दोरी कधी सोडणार?"

मी म्हणलं, ताई, नियम आहे.

"घोडी बुजली तेव्हा दोरी ढिली होती ना? कडी वाजली खाली मोरखीची, तोंडावरच्या पट्ट्याची, जिथं दोरी अडकवतेस. ताणलेली असते तेव्हा वाजत नाही."

मी हो म्हणलं.

"मग दोरीनं काय केलं?"

यावर काय बोलणार. चारशे किलोची घोडी खरंच उधळली तर माझ्या हातातली दोरी तिला थांबवत नाही, म्हणून तर पहिला धडा असतो की दोरी हाताला कधी गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. घोडी ऐकते ती शेजारच्या माणसाचं, त्याच्या चालण्याचं, आवाजाचं. मी दोरी सोडूनही तिच्या शेजारी चाललेच असते. मी त्यांना खड्ड्यांचं सांगितलं, मधेच धावत येणाऱ्या पोरांचं सांगितलं, की घोडी उधळली तर तिला कुठं वळवायचं हे बसलेल्याला दिसायला लागतं. त्या म्हणाल्या, "लाटा डावीकडे आहेत, वारा उजव्या गालावर आहे, पाणी कुठं आणि वर कुठं ते मला कळतंय. बाकीचं तू सांगशील. आणि माझ्या बहिणीला दिसत होतं की सगळं."

मी दोरी सोडली नाही. शेवटपर्यंत धरली. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही, उतरल्यावर गौराच्या पायांवर गोडं पाणी मारायला मला मदत केली, खारट पाणी वाळलं की कातडी खाजते म्हणून ते आम्ही रोज करतो, गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवून वाळू काढली.

तेव्हापासून मी मालकांशी दोनदा भांडलेय. मी त्यांना सांगितलं की पॅरालिम्पिकमध्ये 1996 पासून ड्रेसाज, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चालींनी चालवून दाखवायची स्पर्धा, आहे, त्यात अंध स्वार एकटे घोडा चालवतात, मैदानाच्या कडेनं अक्षरं असतात त्या प्रत्येक अक्षरापाशी माणूस उभा राहून अक्षर ओरडतो, त्या आवाजावर ते वळतात. मालक म्हणाले, ते बंदिस्त मैदान आहे, तिथं छत्र्या उडत येत नाहीत. हे त्यांचं बरोबर आहे आणि म्हणूनच मला जास्त त्रास होतो. पण मग ज्या बाईला घोडा थांबवायला दोन्ही हातांनी ओढावं लागतं तिला त्याच पुळणीवर मोकळं सोडायला आपण तयार असतो, कारण फॉर्मवर तिच्या नावापुढे काही लिहिलेलं नाही. आपण तपासतो काय, डोळे की मांड? मालकांचं म्हणणं, विमा डोळ्यांचं विचारतो. थांबवायची परीक्षा तरी कडक करा म्हणलं, लगाम ओढून थांबवलं तर नापास, तर म्हणाले मग निम्मे लोक नाराज होऊन जातील. जाऊ देत की. बादलचं तोंड तर वाचेल.

परवा ताईंचा व्हॉइस मेसेज आला, पुढच्या सुट्टीत आठवडाभर येणारेत, दोरीचं काय ठरलं विचारलंय. तबेल्यामागच्या कुंपण घातलेल्या रिंगणात त्यांना मोकळं बसवायला मालकांनी हो म्हणलंय, तेवढं मी कळवलं. दुडकी चालही तिथं सुरू करू म्हणलं. पुळणीचं मालक अजून नाहीच म्हणतात, आणि मी स्वतः मालक असते तर काय लिहिलं असतं त्या ओळीच्या जागी, ते रोज वेगवेगळं सुचतंय. ताईंना तसंच सांगितलंय. त्यांचा उलटा मेसेज आला, रिंगणात गौराच पाहिजे.